लेक ‘सी’ शिकते म्हणजे काय करते?

आपल्या गटांतली एखादी मुलगी मराठी शाळेतून दहावी होऊन डिप्लोमाला जाते आणि तिथं ‘सी’ नावाचा विषय समोर येतो. स्क्रीनवर इंग्रजीत चुकांची यादी आली की ती म्हणते, मला जमायचं नाही. घरातले म्हणतात, मग सोड. हे आम्ही एकापेक्षा जास्त गावांत ऐकलं, म्हणून आज ‘सी’बद्दलच बोलतो.

‘सी’ ही संगणकाला कामं सांगायची भाषा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती 1972 च्या सुमारास घडवली. मुलगी लिहिते तो मजकूर म्हणजे ऊस समजा. कंपायलर हे गुऱ्हाळ. सगळा ऊस गाळून, आटवून जो गूळ निघतो, ती संगणकावर चालणारी फाईल. गूळ खाताना गुऱ्हाळ लागत नाही. पण मजकुरात एक अक्षर बदललं तरी नवं आधण लावावं लागतं, जुनी ढेप आपोआप बदलत नाही. नव्या मुली इथंच अडकतात. दुरुस्ती करतात, पुन्हा कंपाइल करत नाहीत, आणि जुनंच उत्तर बघून रडकुंडीला येतात.

एक अर्धविराम राहिला तरी चार-पाच चुका दिसू शकतात. आधी पहिली चूक काढायची आणि पुन्हा कंपाइल करायचं, खालच्या बऱ्याच आपसूक जातात. सांगितलेल्या ओळीत काही सापडलं नाही, तर तिच्या वरची ओळ बघायची.

मात्र कंपायलर व्याकरण तपासतो, हिशेब नाही. समजा 1255 रुपये व्याज दहा जणींत वाटायचंय. दोन्ही आकडे ‘इंट’, म्हणजे पूर्णांक ठेवले तर उत्तर येतं 125. वरचे पन्नास पैसे गायब, आणि तक्रार काही नाही! दहा जणींचे मिळून 5 रुपये झाले. बैठकीत एवढ्यावरून किती बोलणी होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर ‘फ्लोट’मध्ये, म्हणजे अपूर्णांकाच्या डब्यात ठेवलं तरी 125 च राहतं, कारण भागाकार आधीच झालेला असतो. 10 ऐवजी 10.0 लिहिलं की 125.50 मिळतात.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात ‘सी’चे छोटे धडे मराठी आवाजात विनामूल्य आहेत. जीसीसी हा कंपायलरही फुकट मिळतो, त्याला भारी संगणक लागत नाही. धडा नुसता बघून उपयोग नाही, थांबवत थांबवत स्वतः टाइप करायला हवं. घरी संगणक नसेल, तर गावच्या शाळेतला शनिवारी दुपारी मोकळा असतो का, हे गटातर्फे मुख्याध्यापकांना विचारून बघा.