ॲल्युमिनियमच्या चाकांची झिलई : तिचे रक्षण व पुनःस्थापन

मोटारीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके बसविण्याच्या प्रथेस ख्याती लाभली ती प्रामुख्याने बुगाटी कारखान्याच्या ‘टाइप ३५’ या गाडीमुळे. इ. स. १९२४ मध्ये लिआँ येथील शर्यतीत ही गाडी अशा चाकांवर धावली. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असल्याने चाकाचे वजन कमी ठेवता येते, आणि घासून झिलई दिलेला त्याचा पृष्ठभाग रुप्यासारखा चकाकतो. परंतु ही चकाकी आपोआप टिकत नाही. ती कशाने नाहीशी होते व कोणत्या मार्गाने परत आणावी, हा प्रश्न वरकरणी कारागिराचा वाटला तरी त्याचे उत्तर धातुरसायनात आहे.

ॲल्युमिनियमचा ताजा पृष्ठभाग हवेत उघडा पडताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी अवघी २ ते ४ नॅनोमीटर असते. तो पारदर्शक असल्याने झिलई झाकली जात नाही, आणि सलग असल्याने आतील धातूचे रक्षण होते. मात्र हे ऑक्साइड उभयधर्मी आहे. म्हणजे ते अम्लात विरघळते, तसेच अल्कातही विरघळते. सामू सुमारे ४ ते ८.५ या मर्यादेत असेल तोवरच ते स्थिर राहते. धुण्याच्या सोड्याने घासलेले ॲल्युमिनियमचे पातेले काळवंडते, ते याच कारणाने. तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळण्याचा आपल्याकडील प्रघात शास्त्रशुद्ध आहे. पण तांब्यावरील ऑक्साइड हा मळ असतो, तर ॲल्युमिनियमवरील ऑक्साइड हे कवच असते. हा भेद ध्यानात न घेतल्यानेच तीव्र द्रावणांनी चाके धुण्याची चूक घडते.

चाकाच्या विद्रूपतेची आणखी दोन कारणे आहेत. पहिले, क्षारातील क्लोराइड आयन. ते पापुद्र्यास जागोजागी भेदतात, बारीक खळगे पडतात व त्यांतून पांढरी भुकटी बाहेर येते. कोकणपट्टीतील खारी हवा किंवा थंड प्रदेशांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ यांचा परिणाम सारखाच होय. दुसरे, ब्रेकच्या घर्षणातून उडणारे लोखंडाचे तप्त कण. ते पृष्ठभागात रुततात आणि ओलाव्यात गंजतात. शिवाय लोखंड व ॲल्युमिनियम यांचा सूक्ष्म विद्युत्घट निर्माण होऊन त्यात ॲल्युमिनियमच झिजते.

उपचारापूर्वी पृष्ठभाग उघडा आहे, ॲनोडीकृत आहे की लॅकरने आच्छादित आहे, हे ठरविणे अगत्याचे आहे. चाकाच्या आतील बाजूस पांढऱ्या कापडाने थोडे धातूचे पॉलिश चोळावे. कापड काळे झाले तर धातू उघडा आहे असे समजावे. उघडे चाक थंड असताना उदासीन साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशाने धुवावे. रुतलेल्या लोहकणांसाठी थायोग्लायकोलेटयुक्त द्रावण वापरतात. लोहाशी संयोग होताच ते जांभळे होते. खळगे असल्यास ४००, ६००, १००० व २००० क्रमांकांचे पॉलिशपेपर पाण्यासह अनुक्रमाने वापरावेत आणि प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे मागील ओरखडे पूर्णपणे गेले की नाही ते दिसते. अखेरीस बारीक ॲल्युमिनाच्या पॉलिशने झिलई द्यावी. हा ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइडच. मोसच्या श्रेणीत त्याची कठीणता ९ आहे. घासताना निघालेला पापुद्रा हवेत पुन्हा आपोआप बनतो. त्यावर मेणाचा पातळ थर दिल्यास ओलावा व क्षार काही काळ दूर राहतात.

दोन धोके मात्र विशेष गंभीर आहेत. काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक अम्ल किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असते. त्याने मळ क्षणात निघतो, कारण त्याखालचे ऑक्साइडच विरघळते. सौम्य द्रावण त्वचेवर पडल्यास वेदना तासांनी जाणवू शकते. तोवर फ्लुओराइड आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते व हृदयक्रियेसही बाध आणू शकते. चाक धुण्यासाठी असे द्रावण वर्ज्यच मानावे.

दुसरा धोका चाकाच्या बळकटीचा. ओतीव चाकांसाठी प्रचलित असलेल्या मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन व ०.३ टक्के मॅग्नेशियम असते. तो सुमारे ५४०° सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात विझवितात व नंतर कमी तापमानात काही तास ठेवतात. या उष्णोपचाराने मॅग्नेशियम व सिलिकॉन यांचे अतिसूक्ष्म कण विखुरले जाऊन धातू बळकट होतो. वाकलेले चाक ज्योतीवर तापवून सरळ केल्यास हे कण स्थूल होतात आणि बळकटी घटते. बाह्य रूपात मात्र काहीच फरक दिसत नाही. तसेच घासण्याने मऊ धातू बारीक तड्याच्या मुखावर पसरतो व तडा दिसेनासा होतो. म्हणून तड्यांची तपासणी झिलई देण्यापूर्वीच झाली पाहिजे, आणि तडा गेलेले चाक बाद केले पाहिजे. झिलईने पृष्ठभाग उजळतो. गेलेली बळकटी तिने परत येत नाही.