काकवीतले पोहणारे

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस होते. आमचे मामा इंदापूर तालुक्यातल्या जिरायत भागातले. निरेचा डावा कालवा बारामतीवरून इंदापुराकडे जातो खरा, पण मामांच्या शिवाराला त्याचे पाणी नाही. आणि 1980 साली पुरे झालेल्या उजनी धरणाचे पाणी त्यांनी पाहिले ते एस.टी.च्या खिडकीतून. तर हे मामा एका पिशवीत एक पुडा घेऊन बारामतीस माझ्या मित्राच्या दारात उभे राहिले. मित्र पदार्थविज्ञान शिकवतो आणि त्याच्या घरी सूक्ष्मदर्शक आहे, ही बातमी त्यांना मीच पुरवलेली.

पुडा होता रायझोबियमचा, म्हणजे जिवाणू खताचा. हे जिवाणू हरभऱ्याच्या मुळांत शिरून गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. आदल्या वर्षी मामांनी असाच पुडा वापरला होता. दीड महिन्याने रोप उपटून पाहिले, तर मुळ्या स्वच्छ! एक गाठ नाही. यंदाचा पुडाही दुकानात पत्र्याखाली किती उन्हाळे काढून आलेला, कोण जाणे. मामांचा प्रश्न सरळ होता. "मास्तर, ह्यात जीव आहे की मी काळी माती विकत घेतली?"

मित्राने चिमूटभर पूड पाण्यात कालवली, जरा निवळू दिली आणि थेंब काचेवर ठेवला. मामांनी डोळा लावला मात्र, आणि ओरडले, "अरे, वळवळतायत की! सगळेच्या सगळे जिवंत!"

मित्र काही बोलला नाही. चहासाठी आलेल्या दुधातला एक थेंब त्याने पाण्यात मिसळून काचेवर ठेवला. "आता हे पाहा." तिथेही तीच वळवळ! मामा चक्रावले. दुधातले स्निग्धाचे गोळे का जिवंत असतात?

मामांनी हार मानण्याचे कारण नव्हते. 1827 साली रॉबर्ट ब्राऊन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञालाही हीच शंका आली होती. परागातले कण पाण्यात थरथरताना पाहून त्याला प्रथम वाटले, हा जीवच. पण तो गडी चिकाटीचा. त्याने दगडांची पूड पाहिली, इतकेच काय, इजिप्तमधल्या स्फिंक्सच्या तुकड्याचीही पाहिली. तीही थरथरतच होती. पाण्याचे अदृश्य रेणू चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून कण नाचतात, ह्याचे गणित 1905 साली आइन्स्टाइनने मांडले. म्हणजे थरथरते ते सगळे जिवंत नव्हे. जिवंत ओळखायचा तो एका दिशेने, आपल्या बळावर जाताना.

आणि जाणे ही तिथे सोपी गोष्ट नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्याला ठाऊक असते, की काठाला लाथ मारली की अंग आपोआप चार हात पुढे सरकते. जिवाणूला हे सुख नाही. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, फार तर दोन-तीन भागांची. एवढ्याशा देहाला पाणी भयंकर चिकट लागते. एडवर्ड पर्सेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने (1952 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते निराळ्याच कामासाठी) 1970 नंतरच्या दशकात एक व्याख्यान दिले, त्यात त्याने जो दाखला दिला तो ऐकून वाटावे, हा माणूस आपल्याकडच्या गुऱ्हाळावर येऊन गेला असावा. काकवीने भरलेल्या हौदात माणसाला सोडा, आणि त्याला सांगा, की अंगाचा कोणताही भाग मिनिटाला सेंटिमीटरभराहून जास्त हलवायचा नाही. मग त्याला कळेल, जिवाणूचे पोहणे काय असते ते! शेपटी थांबली की जिवाणू जागच्या जागी थांबतो. पुढे सरकतो तो अणूच्या रुंदीहूनही कमी.

अशा काकवीत हातपाय मारून भागत नाही. शिंपला उघडला, मिटला. जेवढा पुढे गेला तेवढाच मागे आला. पंखा पुढे-मागे नुसता हलवणाऱ्याची तीच गत. घाईने पुढे आणि सावकाश मागे, ही हुशारीही चालत नाही. मग करायचे काय? सुताराचे गिरमिट आठवा. ते एकाच दिशेने फिरत राहते आणि लाकडात घुसते. जिवाणूची शेपटी तशीच पिळाची असते, आणि ती वळवळत नाही, खरोखर फिरते. हे 1973 साली हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी दाखवून दिले. तिच्या मुळाशी प्रथिनांची मोटर आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत ती सेकंदाला शंभरावर फेरे घेते. विधात्याने चाक केले नाही असे म्हणणाऱ्यांनी जपून बोलावे.

मित्राने मग कागद ओढला. ई. कोलायचाच हिशेब घेऊ. सेकंदाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे 25 भाग, हा त्याचा वेग. सरळ गेला तर तासात 9 सेंटिमीटर. पण तो सरळ जात नाही. सेकंदभर धावतो, क्षणभर गिरकी घेतो, आणि कुठे तोंड होईल तिकडे पुन्हा धावतो. अशाने तासाभरात मूळ जागेपासून जेमतेम 2 मिलिमीटर. मेलेला जिवाणू नुसत्या धक्क्यांनी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतही पोचत नाही. जिवंताला आणखी एक कळते: आवडीच्या दिशेने चव वाढत असेल तर गिरकी लांबवायची. हरभऱ्याचे मूळ जमिनीत जे रस सोडते, त्यांच्या मागावर रायझोबियम असाच जातो.

मामा 'दोन मिलिमीटर' ह्या शब्दावर अडकले होते. "आणि जमीन सुकी असली तर?"

मित्राने माझ्याकडे पाहिले. बरोब्बर तिथेच बोट ठेवले होते त्यांनी. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यातच हे पोहणार. ओल गेली की पापुद्रे तुटतात आणि पोहणारा अडकतो. आदल्या वर्षी मामांनी पुडा वावरात फेकून दिला होता, शेणखतात कालवून! वाचवायचे होते बियाणे, मजूर आणि वेळ. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचे आणि सावलीत सुकवायचे, ते एवढ्याचसाठी; जिथून मूळ फुटणार तिथेच हे बसलेले बरे.

एवढे झाल्यावर पुन्हा मूळ प्रश्न. पुड्यातल्या थेंबात आम्ही तिघांनी आळीपाळीने अर्धा तास पाहिले. थरथर होती, धाव दिसली नाही. पण मित्र शास्त्राचा माणूस, निकाल देईना. "न धावणारा मेलाच असे नाही. उपाशी असला तरी गप्प बसतो. खरे कळायचे तर प्रयोगशाळेत वाढवून मोजावे लागतील." मामांना तेवढी सवड नव्हती. त्यांनी तो पुडा तिथेच ठेवला आणि बाजारातून नवा, त्याच हंगामाच्या तारखेचा आणला. त्याचा थेंब काचेवर ठेवला. बराच वेळ नुसतीच थरथर. आणि मग काचेच्या एका कोपऱ्यातून एक ठिपका सरळ रेघेत सुटला, थबकला, वळला, पुन्हा सुटला. मामा श्वास धरून पाहत होते.

हे पोहणारे आता शास्त्रज्ञांना नव्या कामाला लावायचे आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीराम रामस्वामी यांच्यासारख्यांनी अशा स्वयंचलित कणांच्या झुंडींचे गणित उभे केले. तिथेच अंबरीश घोष आणि त्यांचे सहकारी चुंबकाने फिरणारी इवलीशी गिरमिटे दातांच्या सूक्ष्म नळ्यांत घालून, तिथे दडलेले जंतू उष्णतेने मारण्याच्या खटपटीत आहेत. मी हे मामांना सांगितले. त्यांच्या दाढेची त्यांना आठवण झाली, पण तेवढ्यापुरतीच.

पेरणी दिवाळीनंतर चौथ्या दिवशी झाली. दीड महिन्याने मामांचा फोन आला. रोप उपटून गाठ नखाने फोडली होती. "आतून गुलाबी आहे रे," ते म्हणाले. गुलाबी म्हणजे नत्राचे काम चालू. मी मित्राचे नाव घेऊन श्रेय वाटायला लागलो, तर म्हणाले, "मास्तरांना सांग, यंदा ओलही बरी होती."

जुना पुडा अजून मित्राच्या कपाटात आहे.