गाडी सेल्फ का घेत नाही?

जुन्नर तालुक्यातला टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, भाजीपाला रातोरात वाशीच्या मार्केटला पोचतो. या वाहतुकीचा मोठा भार पिकअप गाड्या उचलतात. बोलेरो पिकअप, टाटा 207 आणि त्यांच्या तोडीच्या इतर गाड्या दहा-पंधरा वर्षं झाली तरी रोज धावत असतात. मग एखाद्या रात्री भरलेले क्रेट हौद्यात असताना चावी फिरवली, की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. चार जणांचा धक्का लागतो, शेजारच्या गाडीची बॅटरी जोडली जाते आणि दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी विकत घेतली जाते. पंधरवड्याने पुन्हा तोच ‘टक्’.

नवी बॅटरी बसवूनही दुखणं राहतं, कारण जुन्या गाडीत ते बऱ्याचदा बॅटरी आणि सेल्फ यांच्यामधल्या सांध्यांत दडलेलं असतं. बुरशी धरलेलं टर्मिनल, सैल झालेला नट, तार-तार सुटत चाललेली अर्थिंगची पट्टी. हे शोधायला साधा डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि थोडी शिस्त पुरते. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने तरी खर्च करण्याआधी मोजून घ्यायला हवं.

सुरुवात कानापासून करावी. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नसेल, तर चावीचा स्विच, रिले, फ्यूज आणि सेल्फच्या सोलनॉइडकडे जाणारी बारीक वायर पाहावी. एकच ठसठशीत ‘टक्’ म्हणजे सोलनॉइड काम करतोय, पण मोटर फिरत नाही. एक तर जाड केबलचा करंट तिथे पुरेसा पोचत नाही, नाहीतर सेल्फचे कार्बन झिजलेत. ‘टकटकटकटक’ असा सलग आवाज आला तर बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं. सोलनॉइड ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. नुसता घर्रर्र आवाज येऊन इंजिन जागचं हलत नसेल, तर संशय बेंडिक्सवर किंवा फ्लायव्हीलच्या रिंगच्या दातांवर घ्यावा.

यानंतर मीटर. गाडी काही तास उभी असताना पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे ती निम्म्यावर आलेली, आणि 12 च्या खाली गेली तर आधी चार्जिंगला लावावी. सेल्फ मारताना हाच आकडा खाली येतो, पण तो 9.6 च्या खाली घसरू नये. भरलेली बॅटरीसुद्धा सेल्फ मारताच त्याखाली बसत असेल, तर बॅटरी थकलेली असू शकते, किंवा आतून अडकलेला सेल्फ जास्त करंट ओढत असू शकतो. बॅटरी 11 च्या आसपास टिकून आहे आणि तरीही सेल्फ जड फिरतोय, तर मात्र वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

‘हॉर्न दणदणीत वाजतो, लाइट लख्ख लागतात, मग कनेक्शन ठीकच आहे की!’ असं गाडीवाले हमखास म्हणतात. इथेच फसगत होते. समजा, एका गंजलेल्या सांध्याचा रोध जेमतेम एक शतांश ओहम आहे. हेडलाइटचा बल्ब पाच अँपिअर घेतो, तेव्हा त्या सांध्यावर 0.05 व्होल्ट वाया जातात आणि डोळ्यांना फरकही कळत नाही. डिझेल गाडीचा सेल्फ 200 अँपिअर मागतो, तेव्हा त्याच सांध्यावर 2 व्होल्ट खर्ची पडतात. तेवढं व्होल्टेज गेलं की सेल्फ धापा टाकतो.

असा सांधा पकडण्याची खात्रीची पद्धत म्हणजे सेल्फ मारता मारता मोजणं. गाडी न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक ओढावा आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेलची वाट उघडणाऱ्या सोलनॉइडची वायर काढावी. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल पिन इंजिनच्या घासून स्वच्छ केलेल्या भागावर धरावी. पिन क्लॅम्पला न लावता थेट शिशाच्या खांबावरच टेकवायची, म्हणजे खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला दोषही मोजला जातो. मदतनिसाने सेल्फ मारला की आकडा 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आत राहायला हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. मग लाल पिन पॉझिटिव्ह खांबावर आणि काळी पिन सेल्फच्या जाड बोल्टवर. इथेही अर्धा व्होल्ट ही मर्यादा धरावी.

अर्थिंगची पट्टी इतकी महत्त्वाची का? इंजिन चासीवर रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. इंजिन आणि चासी यांना जोडणारी ती विणलेली पट्टी तुटली, की करंट मिळेल ती वाट धरतो, प्रसंगी क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबलसुद्धा. सेल्फ मारल्यावर यांपैकी एखादी केबल गरम लागली, तर दुसरी तपासणी करण्याआधी पट्टी बदलावी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. धातू चकचकीत घासून, नट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली की काम झालं. त्याआधी नेहमी निगेटिव्ह टर्मिनल प्रथम काढावं.

चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि हँडल मारण्याचा धोका टळला. त्यामागची कल्पना सोपी होती. मोटरला काही सेकंदच जोर लावायचा असल्याने ती आकाराने लहान असली तरी चालते. म्हणूनच एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिटभर तरी थांबावं. चावी धरून बसल्याने आर्मेचर जळतं.

सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही, ही तक्रार वेगळी. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेवर डिझेल पेट घेतं. जुन्या मेकॅनिकल पंपावर चावी चालू करताच डिझेलची वाट उघडणारा सोलनॉइड असतो. त्याची वायर हाताने लावताना-काढताना बारीक ‘टिक्’ ऐकू यायला हवी. आवाज नसेल तर टेस्ट लॅम्पने वायरीत वीज येते का ते पाहावं. बरेचदा उडालेल्या फ्यूजपाशीच शोध संपतो. प्री-चेंबरच्या इंजिनांना थंडीत हीटर प्लग लागतात. प्लगची वायर सोडवून, बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेला टेस्ट लॅम्प प्लगच्या टोकाला टेकवावा. दिवा लागला नाही तर प्लग जळालेला.

गाडी चालू झाल्यावर बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी असतील तर आधी पट्टा सैल आहे का पाहावं, मग डायनामो, म्हणजे आजचा अल्टरनेटर. चालू गाडीत टर्मिनल काढून ‘डायनामो चार्ज करतोय का’ हे बघण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर हेच काम विनाधोका करतो.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर चोरवाट शोधावी. सगळं बंद करून निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि मीटर 10 अँपिअरवर ठेवून खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये जोडायचा. या वेळी चावी फिरवायची नाही. 50 मिलिअँपिअरपर्यंत ठीक. 0.3 अँपिअर दिसले, तर दिवसाला 7.2 अँपिअर-तास जातात आणि 70 अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत निम्मी होते. एकेक फ्यूज काढत जावं. ज्याने आकडा पडेल, त्या वायरीवर दोष. फ्यूज न टाकता थेट बॅटरीवरून घेतलेला टेप किंवा जादा एलईडी लाइट या शोधात अनेकदा सापडतो, आणि शॉर्ट झाल्यास तीच वायर पेटते.

दुसऱ्या गाडीवरून जोडणी घेताना ती 12 व्होल्टचीच असावी, 24 व्होल्टच्या ट्रकची नको. दोन्ही पॉझिटिव्ह आधी जोडावेत, मग चांगल्या बॅटरीचा निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनला, बॅटरीपासून दूर लावावं. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

पिकअपच्या हौद्याला अँगल किंवा जाळी वेल्डिंग करून घेताना बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढून ठेवावीत, कारण वेल्डिंगचा करंट अल्टरनेटरपर्यंत पोचू शकतो. नंतर हौद्याला रंग मारतात, तो अर्थिंगच्या बोल्टखाली गेला की वीज अडते. डावा इंडिकेटर लावल्यावर मागचा टेललाइटही लुकलुकतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो. तेव्हा नवे बल्ब आणण्याआधी तो बोल्ट काढावा, खालचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडावा आणि पुन्हा आवळावा.