ग्रामीण युवक विकास व लोकसाहाय्य

ग्रामीण युवक विकास व लोकसाहाय्य : ग्रामीण भागातील मुलामुलींचे शिक्षण, निवास, व्यवसायप्रशिक्षण, आरोग्य, क्रीडा इत्यादींसाठी चालविल्या जाणाऱ्या उपक्रमांना समाजाकडून मिळणारी द्रव्यरूप, वस्तुरूप वा श्रमरूप मदत व ती मिळविण्याच्या पद्धती. अशा मदतीचे महाराष्ट्रात स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात : वर्गणी, देणगी व श्रमदान. वर्गणी ही सर्वांनी मिळून ठरविलेली असते व ती प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीप्रमाणे द्यावयाची असते. देणगी ही दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते. श्रमदानात पैशाऐवजी अंगमेहनत दिली जाते. हा भेद केवळ शाब्दिक नाही. वर्गणी देणारा त्या कार्याचा भागीदार ठरतो व त्याचा जाब विचारण्याचा त्याला हक्क असतो. देणगी देणारा बहुधा त्या कार्यापासून दूर राहणारा उपकारकर्ता असतो. ग्रामीण युवकांसाठी उभ्या राहिलेल्या ज्या संस्था दीर्घकाळ टिकल्या, त्यांपैकी अनेकींच्या मुळाशी मोठ्या देणग्यांबरोबरच सामान्य घरांच्या लहानलहान वर्गण्या होत्या, असे दिसून येते.

पूर्वपीठिका : गावजत्रा, हरिनाम सप्ताह, देवळाचा जीर्णोद्धार ह्यांसाठी घरटी वर्गणी काढण्याची रीत महाराष्ट्रातील खेड्यांत फार जुनी आहे. शेतकामात एकमेकांची माणसे व बैल आळीपाळीने वापरण्याची सावड आणि एखाद्याच्या शेतावर गावाने एकत्र जमून काम उरकून देण्याची इर्जिक ह्या प्रथाही सर्वपरिचित आहेत. शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र लोकाश्रय पूर्वी मर्यादित होता. गरीब विद्यार्थ्याने माधुकरी मागून अथवा निरनिराळ्या घरी वार लावून जेवावे आणि विद्या करावी, ही पद्धती प्रायः ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने (सध्याचे पुणे विद्यार्थी गृह) ह्याच माधुकरीला संस्थेचे शिस्तबद्ध रूप दिले. बहुजन समाजातील शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहण्या-जेवण्याचा असा कोणताच आधार नव्हता. शाळा असूनही ती त्याला उपलब्ध नव्हती, कारण शाळेच्या गावी राहण्यास जागा नव्हती. त्यामुळे ग्रामीण युवकाच्या शिक्षणाचा प्रश्न आरंभापासूनच फीपेक्षा निवासाचा व पोटाचा प्रश्न होता.

ह्या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर कोल्हापूर संस्थानात मिळाले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले व त्यानंतर जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य इ. समाजांसाठी वसतिगृहे निघाली. अस्पृश्य विद्यार्थ्यांचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मधील आहे. संस्थानाने जागा, इमारत व नियमित उत्पन्न द्यावे आणि त्या त्या समाजाने वर्गणी व व्यवस्थापनाचा भार उचलावा, असे ह्या वसतिगृहांचे सामान्यतः स्वरूप होते. राजाश्रय व लोकाश्रय ह्यांची ही सांगड पुढील अनेक प्रयत्नांना मार्गदर्शक ठरली. ह्याच काळात अंताजी दामोदर काळे ह्यांनी प्रत्येक माणसाकडून वर्षाला निदान एक पैसा घेऊन देशी उद्योगधंद्यांसाठी निधी उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने वाढलेल्या ह्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. तेथे तरुणांना काचकामाचे शिक्षण मिळे. अत्यल्प वर्गणीही मोठ्या संख्येने जमल्यास भांडवल होऊ शकते, हे ह्या प्रयोगाने दाखवून दिले.

रयत शिक्षण संस्थेचा प्रयोग : लोकसाहाय्यावर ग्रामीण शिक्षणाची चळवळ उभारण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) ह्यांनी केला. त्यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास हलवून तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. कोल्हापूरची वसतिगृहे जातवार होती. साताऱ्यात मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीस जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते ह्या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. वसतिगृहाच्या अडचणीच्या काळात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी आपले दागिने व अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले.

संस्थेच्या निधिसंकलनात मूठभर धान्याची योजना विशेष उल्लेखनीय आहे. घरातील स्त्रीने रोज दळणाकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढावे व ते साठले की कार्यकर्त्यांनी गोळा करून वसतिगृहास पोहोचवावे, अशी ही पद्धती मुष्टिफंड ह्या नावाने ओळखली जाई. हिचे मर्म असे की, शेतकरी कुटुंबाजवळ रोख पैसा क्वचितच असतो, धान्य मात्र असते. मदत मागणाऱ्याने आपल्या सोयीची वस्तू न मागता देणाऱ्याजवळ असलेली वस्तू मागितली. दुसरे असे की, हा निर्णय रोज चुलीपाशी व घरातील स्त्रीच्या हातून होत असल्यामुळे स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या हजारो स्त्रिया शिक्षणसंस्थेच्या आश्रयदात्या झाल्या. ह्याला जोड मिळाली ती ‘कमवा व शिका’ योजनेची. विद्यार्थ्यांनी शेतीत, बांधकामावर व स्वयंपाकघरात काम करून आपल्या शिक्षणाचा काही भार स्वतः उचलावा, ह्या तत्त्वावर १९४० मध्ये सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. खेडोपाडीच्या शाळांसाठी गावकऱ्यांनी जागा, दगड, लाकूड व श्रम द्यावेत आणि संस्थेने शिक्षक द्यावा, अशी विभागणी सामान्यतः असे.

लोकाश्रयाची कसोटी १९४८ च्या सुमारास लागली. भाऊरावांच्या भाषणांतील टीकेवरून मुंबई शासनाने संस्थेचे अनुदान थांबविले. ह्या काळात संस्थेची भिस्त लोकांच्या मदतीवरच राहिली व ती मोडली नाही. पुढे अनुदान पूर्ववत सुरू झाले. ज्या संस्थेची मुळे घराघरांत असतात, तिला शासनाचा रोष काही काळ सोसता येतो, हा धडा ह्या प्रसंगातून मिळतो. [→ पाटील, भाऊराव].

स्वातंत्र्योत्तर काळ : १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली. गावाने श्रमदान व वर्गणी द्यावी आणि शासनाने पूरक निधी द्यावा, हे तिचे एक मूलतत्त्व होते. गावोगावच्या युवक मंडळांना ह्याच काळात उत्तेजन मिळाले. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळांचा भार त्यांच्याकडे गेला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना (१९६९), बिगरविद्यार्थी ग्रामीण युवकांसाठी नेहरू युवक केंद्रे (१९७२) व ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी ट्रायसेम योजना (१९७९) ह्या केंद्रीय योजना त्यानंतरच्या होत. ह्या योजनांमुळे सोयी वाढल्या, तथापि शाळा ही ‘सरकारची’ आहे, ही भावनाही वाढली व लोकवर्गणीचा ओघ अनेक ठिकाणी पुन्हा देवळांकडे व जत्रांकडे वळला.

शासकीय योजना जेथे पोहोचत नाहीत, तेथे स्वयंसेवी संस्थांनी निरनिराळे मार्ग चोखाळले. डॉ. अच्युतराव आपटे ह्यांनी १९५५ मध्ये पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यातून येणाऱ्या गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना अल्प दरात निवास व भोजन देणे, त्यांना कामाची सवय लावणे व शहरातील दात्यांना त्यांच्याशी जोडणे, हे तिचे कार्य. मदत घेऊन शिकलेला विद्यार्थी मिळवता झाल्यावर पुढच्या विद्यार्थ्याचा भार उचलतो, ही अशा संस्थांची खरी पुंजी होय. पुणे जिल्ह्यातील पाबळ (ता. शिरूर) येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाची पद्धती वेगळी आहे. तेथे शाळा सोडलेली मुले जोडारीकाम, बांधकाम, वीजकाम, शेती, पशुपालन इ. कामे गावाची प्रत्यक्ष कामे करीत शिकतात व गाव त्या कामांचे मोल देते. येथे गावाचे साहाय्य दानरूप नसून गिऱ्हाइकाच्या रूपाने येते आणि शिकणाऱ्याला आपल्या कामाची किंमत कळते.

दुर्गम भागातील स्थिती : लोकसाहाय्याचा विचार करताना सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या गावांची स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. पुणे जिल्ह्यातील वेल्हे (राजगड) तालुक्यातील पासली हे गाव वेल्ह्याहून केळद व मढे घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. तोरणा व राजगड ह्या किल्ल्यांच्या परिसरातील हा मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. वेल्हे हा जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका असून वस्ती डोंगरउतारांवरील लहानलहान वाड्यांत विखुरलेली आहे. पाऊस अतिशय, पिके मुख्यत्वे भात, नाचणी व वरी. एका पिकावर वर्ष निभावत नसल्यामुळे मुंबई-पुण्याकडे कामासाठी जाण्याची परंपरा जुनी आहे. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आले की वाडीवरील मुलाची शाळा बुडते. वरच्या इयत्तांसाठी व व्यवसायशिक्षणासाठी तालुक्याच्या गावी, भोरला अथवा पुण्यास जावे लागते. अशा वेळी मुलगा कोणा नातेवाइकाकडे राहतो. मुलीचे शिक्षण मात्र बहुधा तेथेच थांबते. शाहू छत्रपतींच्या काळी होता तोच निवासाचा प्रश्न येथे नव्या पिढीपुढे उभा राहतो.

अशा गावातून निधी कसा उभा राहावा, हा खरा प्रश्न होय. गावात राहिलेल्यांत वृद्ध व स्त्रिया अधिक असतात आणि मिळवते हात बाहेरगावी असतात. त्यामुळे येथे ‘समाज’ ह्या शब्दात शहरात गेलेल्या गावकऱ्यांचाही समावेश करावा लागतो. मावळ व कोकणातील पुष्कळ गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळे आहेत. गावच्या तरुणांसाठी सामाईक खोली घेणे, नवख्यास काम मिळवून देणे, जत्रेची वर्गणी गोळा करणे ही त्यांची परंपरागत कामे. ह्याच मंडळांनी शाळेची दुरुस्ती, शिष्यवृत्ती वा अभ्यासिका ह्यांसाठी वर्गणी काढल्याची उदाहरणे आढळतात. जत्रेच्या बैठकीत सर्व गावकरी एकत्र येत असल्याने तेथेच शिक्षणनिधीचा हिशेब वाचण्याची रीत पाडल्यास दोन्ही कार्ये साधतात. बाहेरच्या संस्थांचे साहाय्यही ह्या भागात मोलाचे ठरले आहे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने (स्थापना १९६२) भोर-वेल्हे परिसरात ग्रामविकासाचे व स्त्रियांच्या बचत गटांचे कार्य केले असून वेल्हे येथे दूरच्या वाड्यांतील मुलींच्या निवासाची सोय केली आहे. बचत गट ही एका अर्थी मुष्टिफंडाचीच नवी आवृत्ती म्हणता येईल. स्त्रियांच्या हाती नियमित अल्प बचत आली की तिचा मोठा उपयोग मुलांच्या शिक्षणासाठी होतो.

कायदा व हिशेब : निधी गोळा करणाऱ्या संस्थेची नोंदणी सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० व मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आता ‘महाराष्ट्र’ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) ह्यांखाली होते. विश्वस्त संस्थांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते व त्यांना तपासलेले हिशेब दरवर्षी सादर करावे लागतात. देणगीदारास आयकरात सूट देण्याची तरतूद आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम ८०-जी द्वारे करण्यात आली. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते व त्यात आपल्या परिसराला अग्रक्रम द्यावयाचा असतो. व्यवहारात ‘सीएसआर’ ह्या नावाने ओळखला जाणारा हा निधी २०१४ पासून मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाला. तथापि तो सामान्यतः ठरावीक मुदतीच्या प्रकल्पासाठी मिळतो. इमारत, संगणक, प्रशिक्षणवर्ग ह्यांसाठी तो सुलभ असतो, तर स्वयंपाकिणीचे वेतन, दिवाबत्ती व धान्य ह्यांसारख्या आवर्ती खर्चासाठी तो मिळविणे कठीण जाते. वसतिगृह मात्र ह्याच खर्चावर चालते. म्हणून एकरकमी निधी इमारतीसाठी, कायम निधीचे व्याज शिष्यवृत्तीसाठी आणि स्थानिक वर्गणी व धान्य रोजच्या खर्चासाठी, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

मर्यादा : लोकसाहाय्याला काही मर्यादा आहेत. वर्गणी सक्तीची झाली की ती पट्टी होते व तिचा भार गरिबावर अधिक पडतो. गावातील प्रबळ गटाच्या हाती निधी गेल्यास दलित, कातकरी, धनगर इ. वस्त्यांतील मुले वगळली जाण्याचा धोका असतो. म्हणून लाभार्थींची निवड व हिशेब दोन्ही ग्रामसभेपुढे असणे इष्ट. दुष्काळाच्या वर्षी, जेव्हा मदतीची गरज सर्वांत अधिक, तेव्हाच वर्गणी आटते. शिवाय शिक्षण ही शासनाची जबाबदारी असून लोकवर्गणी हा तिला पर्याय मानल्यास संपन्न गावे पुढे जातील व पासलीसारखी दुर्गम गावे मागे पडतील. शासनाने सर्वत्र किमान सोय पुरवावी व समाजाने तिला आपलेपणाची जोड द्यावी, हेच ह्या दोहोंचे योग्य नाते होय. मूठभर धान्याचे महत्त्व त्याच्या वजनात नव्हते. ते देणाऱ्या घराची नजर त्यानंतर वसतिगृहातील मुलावर राहत असे, ह्यात ते होते.

पहा : ग्रामीण शिक्षण, पाटील, भाऊराव, बचत गट, वसतिगृहे, श्रमदान.