लॉकरमधली बाटली

२०२५च्या डिसेंबरात बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या सोळा जणांच्या समितीने बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स यांना पुन्हा दारातूनच परत पाठवलं. दोघांना पाच-पाच मतंसुद्धा पडली नाहीत. बाँड्सचा जुना सहकारी जेफ केंट मात्र चौदा मतं घेऊन आत गेला. बाँड्सची वकिली मला करायची नाही. मला झोंबलं ते वेगळंच. त्याच हॉल ऑफ फेमच्या कूपर्सटाउनमधल्या भिंतीवर बड सेलिग यांचा ब्राँझचा फलक २०१७ सालीच लागला आहे. ज्यांच्या कारकिर्दीत स्टेरॉइडचा हा सगळा बाजार भरला, ते कमिशनर आत आणि बाजारात उभे होते ते बाहेर.

ही भानगड जुनी आहे. ‘ग्रीनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अँफेटामिनच्या गोळ्या कित्येक दशकं लॉकररूममध्ये चालत होत्या. १९९१ साली तेव्हाचे कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी स्टेरॉइडवर बंदी असल्याचं पत्रक सगळ्या संघांना धाडलं, पण चाचणीच नव्हती, त्यामुळे ते पत्रक कागदावरच राहिलं. १९९४ साली खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि प्रेक्षक रुसले.

मी १९९६ साली नोकरीसाठी शिकागोत आलो. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे, कब्ज या शिकागोच्या बेसबॉल संघाचे जन्मभराचे भक्त. क्रिकेटवर वाढलेल्या मला त्यांनी पेन्सिलने स्कोअरकार्ड लिहायला शिकवलं. प्रत्येक फलंदाजासाठी एक चौकोन; होमरन झाला की आतला हिरा पूर्ण काळा करायचा. ८ सप्टेंबर १९९८च्या रात्री मी त्यांच्याकडेच होतो. सेंट लुइसमध्ये चौथ्या डावात, दोन बाद असताना मार्क मॅकग्वायरने आमच्याच स्टीव्ह ट्रॅक्सेलचा चेंडू डाव्या कुंपणावरून जेमतेम पलीकडे टाकला. ३४१ फूट, त्याचा त्या वर्षातला सगळ्यात छोटा होमरन. पण तो त्या मोसमातला बासष्टावा होता. रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा विक्रम मोडला होता. आनंदाच्या भरात मॅकग्वायर पहिल्या बेसला पाय लावायचाच विसरला आणि मागे फिरून लावून आला. त्याने आपल्या पोराला उचललं. उजव्या मैदानातून आमचा सॅमी सोसा धावत येऊन त्याला बिलगला. म्हातारबुवा प्रतिस्पर्ध्यासाठी उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. माझेही डोळे भरले होते, हे लिहायला मला आजही लाज वाटत नाही.

त्याआधी काही आठवडे एपी या वृत्तसंस्थेचे बातमीदार स्टीव्ह विल्स्टीन यांनी मॅकग्वायरच्या लॉकरमध्ये एक बाटली पाहिली होती. त्यावर नाव होतं अँड्रोस्टेनडायोन. ते शरीरात गेलं की त्याचं टेस्टोस्टेरॉन होतं. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती, दुकानात ते उघड मिळत होतं. खरी बातमी ती होती. पण झोडपले गेले विल्स्टीन. दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावता, म्हणून इतर पत्रकारांनीही त्यांना सुनावलं. मॅकग्वायरचे मॅनेजर टोनी ला रूसा यांना तर एपीला लॉकररूममध्ये यायलाच बंदी हवी होती. आज तेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. विल्स्टीन यांची क्षमा किती जणांनी मागितली?

पुढची वर्षं भराभर घसरत गेली. २००१ साली बाँड्सने ७३ होमरन मारले. २००२ साली केन कॅमिनिटीने कबूल केलं, की १९९६ साली सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तेव्हा तो स्टेरॉइड घेत होता. दोन वर्षांनी, एकेचाळिसाव्या वर्षी तो गेला. २००३ साली निनावी चाचण्या झाल्या. पाच टक्क्यांहून जास्त नमुने सदोष निघाले तरच पुढे कायमची चाचणी, असा संघमालक आणि खेळाडूंच्या संघटनेचा करार होता. परीक्षा होणार हे आधी सांगूनही पाच टक्क्यांच्या वर निघाले! त्याच वर्षी खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या बाल्को कंपनीवर धाड पडली आणि चाचणीत सापडूच नये म्हणून घडवलेलं टीएचजी हे स्टेरॉइड डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने वापरलेल्या सिरिंजमधल्या थेंबांतून ओळखलं.

१७ मार्च २००५ची संसदीय समितीची सुनावणी मी ऑफिसातून रजा घेऊन पाहिली. मॅकग्वायर पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, की भूतकाळाबद्दल बोलायला मी आलेलो नाही. राफाएल पाल्मेरोने बोट रोखून नाही म्हटलं; तोच चाचणीत सापडल्याचं ऑगस्टमध्ये जाहीर झालं. शिक्षा? दहा दिवस. पण मला आठवतो त्या सुनावणीत बोललेला टेक्सासमधला एक बाप. शाळेच्या संघात पिचर असलेल्या त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाने स्टेरॉइड घेतली आणि पुढे आत्महत्या केली. लॉकरमधल्या बाटल्यांचा खरा पत्ता त्या घराचा होता, आणि त्या दिवशी कॅमेरे मात्र स्नायूंवर रोखलेले होते.

संघटनेलाही मी सोडणार नाही. खेळाडूंच्या खाजगीपणाच्या नावाखाली तिने चाचणी वर्षानुवर्षं अडवली. (आपल्या क्रिकेट मंडळाने ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला २०१९ पर्यंत असंच बाहेर ठेवलं.) त्यात खरा बळी गेला तो सुई न घेणाऱ्याचा. दुय्यम लीगमध्ये बसचे प्रवास करत राहिलेला, एका जागेसाठी झगडणारा पोरगा; त्याच्या नावाचा फलक कुठल्याच भिंतीवर नाही.

आज पहिल्या गुन्ह्याला ८० सामने, दुसऱ्याला १६२, तिसऱ्याला कायमची बंदी. २०२२ साली फर्नांडो टाटिस ज्युनियरसारखा तरुण तारा ८० सामने बसला. हे १९९८ साली का होऊ शकलं नाही? कारण संपानंतर रुसलेली माणसं त्या होमरननी परत आली होती आणि तिकिटं खपत होती.

शेजारचे म्हातारबुवा २००६ साली वारले. त्या रात्रीचं स्कोअरकार्ड त्यांनी मला दिलं होतं. चौथ्या डावातला तो काळा हिरा मी खोडलेला नाही. ११ जानेवारी २०१० रोजी मॅकग्वायरने अखेर स्टेरॉइडची कबुली दिली, तेव्हा ती तारीख मी त्या चौकोनाखाली पेन्सिलने लिहून ठेवली.