विश्लेषण : जुनी कन्व्हर्टिबल स्पोर्ट्स कार खिळखिळी का होते? तिची चासी घट्ट कशी करतात?

खड्ड्यातून जाताना आतला आरसा थरथरतो, वळणावर डॅशबोर्ड कुरकुरतो आणि एक चाक फुटपाथवर चढवून गाडी उभी केली तर दरवाजा नीट लागत नाही. २५-३० वर्षे जुन्या, उघड्या छताच्या स्पोर्ट्स कारच्या मालकांना ही लक्षणे चांगलीच परिचयाची असतात. त्यावर उपाय म्हणून गाडीखाली लोखंडी रेल, बार, पट्ट्या बसवण्याची मोठी बाजारपेठ जगभर उभी राहिली आहे. पण यातले नेमके काय उपयोगी आणि काय नुसते वजन वाढवणारे? मझदा एमएक्स-५ या गाडीच्या उदाहरणावरून ते समजून घेऊ.

छत गेले की नेमके काय बिघडते?

बुटांचा रिकामा खोका झाकण लावून दोन्ही टोकांना धरा आणि पिळून पाहा. तो फारसा हलत नाही. झाकण काढून पुन्हा पिळा, खोका लगेच वेडावाकडा होतो. पुठ्ठा तोच, वजनात थोडासाच फरक, पण बंद असलेला आकार उघडा झाला.

गणितात हा फरक अधिकच बोचतो. ५० मिलिमीटर व्यासाची आणि १ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घेतली आणि तिला लांबीभर एक बारीक चीर दिली, तर पिळाला होणारा तिचा विरोध सुमारे १८०० पटीने घटतो. एक ग्रॅमही धातू कमी न करता! छताची कार ही बऱ्याच अंशी बंद नळीसारखी वागते. छत, खांब, जमीन आणि पुढच्या-मागच्या भिंती मिळून एक डबा तयार होतो. छत कापले की उरतो तो फक्त जमिनीचा पत्रा आणि दोन दरवाजांखालचे उंबरठे, म्हणजे सिल. पुढची दोन चाके आणि मागची दोन चाके यांना जोडून ठेवण्याचे जवळपास सगळे काम मग या सिलवर आणि गाडीच्या मधोमध जाणाऱ्या बोगद्यावर येते.

लोटसने १९६२ च्या एलानमध्ये हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. वर फायबरग्लासची बॉडी आणि खाली मधोमध पोलादी पत्र्याची बंद पेटी, पाठीच्या कण्यासारखी. पिळाला विरोध करायला छतच लागते असे नाही, कुठेतरी एक बंद पेटी मात्र लागते.

एमएक्स-५ चेच उदाहरण का?

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये सादर झालेली ही दोन आसनी जपानी गाडी जगातली सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. अमेरिकेत ती ‘मियाटा’ नावाने ओळखली जाते. पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली आणि तिच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यातल्या असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत, काही शर्यतींच्या ट्रॅकवरही. ही गाडी छताच्या कारचे छत कापून बनवलेली नाही. ती पहिल्यापासून उघडी गाडी म्हणूनच आखली गेली. तरीही तिला ही थरथर चुकली नाही.

खुद्द कंपनीनेही १९९४ च्या मॉडेलमध्ये १.८ लिटरचे इंजिन देताना बॉडीला जास्तीचे आधार दिले. सीटमागच्या दोन सीटबेल्ट खांबांना जोडणारा आडवा बार आला, पुढच्या-मागच्या सबफ्रेमलाही जोडपट्ट्या आल्या. आधीच्या १.६ लिटरच्या गाड्यांचे अनेक मालक हेच सुटे भाग शोधून आपल्या गाडीला बसवतात. स्वस्तातला आणि तुलनेने निर्धोक मार्ग हाच.

या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारी एक अॅल्युमिनियमची जाळीदार चौकट आहे. तिचे नाव ‘पॉवर प्लांट फ्रेम’. नावामुळे ती चासी कडक करते असा समज होतो. प्रत्यक्षात ती गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकमेकांना घट्ट बांधते, त्यामुळे अॅक्सिलरेटर दाबताच गाडी तत्पर प्रतिसाद देते. बॉडीच्या पिळाशी तिचा फारसा संबंध नाही.

चासी लवचिक असली तर बिघडते काय?

आरशाची थरथर हा त्रास झाला. खरा तोटा वळणावर होतो. पिळणारी चासी ही गाडीची पाचवी स्प्रिंग असते, आणि तिला शॉक अॅब्सॉर्बर नसतो. दोन सारख्याच ताकदीच्या स्प्रिंगा एकामागे एक जोडल्या तर एकूण कडकपणा निम्मा होतो. म्हणून हौशी मालक महागड्या कडक स्प्रिंगा आणि जाड अँटी-रोल बार बसवतात, पण चासी मऊच राहते आणि अपेक्षित फरक पडत नाही. पुढच्या चाकांवर किती भार जावा आणि मागच्यांवर किती, हे ठरवण्याची सोय सस्पेन्शनमध्ये असते. मधला दुवाच पिळत असेल तर पुढे केलेला बदल मागे पोहोचतच नाही.

थरथरीचे गणितही चिवट आहे. बॉडीच्या कंपनाची वारंवारता १० टक्क्यांनी वाढवायची तर कडकपणा २१ टक्क्यांनी वाढवावा लागतो, तोही वजन न वाढवता. जाड लोखंड भरत गेले की एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते. त्याऐवजी जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते पण पिळाला विरोध आठपट.

सुरुवात कुठून करायची?

गंजापासून. कंटाळवाणे उत्तर आहे, पण दुसरे नाही. एमएक्स-५ मध्ये कापडी छतावरचे पाणी दरवाजामागच्या नळ्यांतून खाली जाते. या नळ्यांत पाने आणि माती अडकली की पाणी सिलच्या आत साठते आणि मागच्या चाकापुढचा भाग आतून कुजतो. वरून रंग चकचकीत, आत पत्रा वर्खासारखा. ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या एमओटी तपासणीत सीटबेल्ट आणि सस्पेन्शनच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आतला असा गंज गाडीला नापास करू शकतो. कुजलेल्या सिलवर नवे बार लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला पितळी कडी बसवणे.

सिल बदलतानाच सर्वात मोठे नुकसान होऊ शकते. गाडी जॅकवर उचलून सिल कापला, की बॉडी मधोमध किंचित झुकते. नवा सिल त्याच झुकलेल्या अवस्थेत वेल्ड झाला तर दरवाजाची फट कायमची बिघडते, आणि मग ती सरळ करणे जवळपास अशक्य. म्हणून जाणकार कारागीर आधी दरवाजाच्या चौकटीत तात्पुरता बार वेल्ड करतो, गाडीचा भार सस्पेन्शनच्या जागी घेतो आणि एका वेळी एकच बाजू उघडतो. हे न करणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी सोडू नये.

दुसरी तपासणी जमिनीखालच्या दोन लांब रेलची. पातळ पत्र्याच्या या रेल टोपीच्या आकाराच्या असतात. चुकीच्या जागी जॅक लावल्याने बहुतेक जुन्या गाड्यांत त्या चेपलेल्या सापडतात. बाजारातल्या जाड रेल यांच्यावरून बसतात आणि बोल्ट किंवा वेल्डिंगने जोडल्या जातात. या दोन रेलना मधोमध फुलीसारख्या पट्ट्यांनी बांधले की फरक आणखी जाणवतो, कारण चौकोन पिळतो, त्रिकोण पिळत नाही. सस्पेन्शनचे जुने रबरी बुशही याच वेळी बदलावेत. फाटलेल्या बुशची ढिलाई अनेकदा चासीच्या नावावर खपते.

शोभेचे आणि धोक्याचे काय?

बॉनेट उघडताच दिसणारा, दोन्ही बाजूंच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या टोकांना जोडणारा चमकदार बार सर्वाधिक विकला जातो. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत त्याला अर्थ आहे, कारण तिथे चाकाचा मोठा भार त्या टोकावर येतो. एमएक्स-५ ला चारही बाजूंना डबल विशबोन आहे, बराच भार खाली सबफ्रेमवर जातो. त्यामुळे तो बार इथे बहुतांशी फोटोपुरता.

रोल बार उलटलेल्या गाडीत जीव वाचवू शकतो आणि बॉडीलाही आधार देतो. मात्र तो डोक्याच्या फार जवळ असेल, त्यावर टणक पॅडिंग नसेल आणि चालक हेल्मेटशिवाय रोज गाडी चालवत असेल, तर किरकोळ धडकेतही डोके त्यावर आदळू शकते. गाडीच्या अगदी पुढच्या भागात, जिथे धडकेत पत्रा चेपून धक्का शोषायचा असतो, तिथे जोडपट्ट्या लावणे तर टाळावेच.

फरक पडला हे मोजायचे कसे?

मागची बाजू सस्पेन्शनच्या जागी पक्की बांधायची, पुढची बाजू मधोमध एका टेकूवर ठेवायची आणि आडवी तुळई बांधून तिच्यावर मध्यापासून १ मीटरवर १०० किलो वजन ठेवायचे. हा झाला जवळपास १००० न्यूटन-मीटरचा पीळ. मध्यापासून ५० सेंटिमीटरवर लावलेल्या डायल गेजचा काटा समजा ४.४ मिलिमीटर हलला, तर बॉडी अर्धा अंश पिळली, म्हणजे कडकपणा एका अंशाला सुमारे २००० न्यूटन-मीटर. बार बसवण्याआधी आणि नंतर हे मोजणारे मालक फार थोडे. एवढा खटाटोप नको असेल, तर एक कोपरा जॅकवर उचलून दरवाजाची फट फीलर गेजने मोजली तरी कल्पना येते.

भारतात असे बदल चालतात का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वाहन वेगळे होईल असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हेच स्पष्ट केले. जुन्या उघड्या जीप वा जिप्सीच्या चासीला हात लावण्याचा विचार असणाऱ्यांनी आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. गंजलेला भाग मूळ आकारात, मूळ जागी बदलणे ही दुरुस्ती असते. रेल आणि रोल बार जोडणे हा फेरफार ठरू शकतो.