गवत कापायचे यंत्र

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पाणी आले, तसे गवतही आले. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळापासून वाहतो आहे. पुढे उजनी धरण झाले. ऊस वाढला, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. आणि बांधावर, पाटाच्या कडेला, झाडांच्या ओळींमध्ये गवत माजले. ते काढायला विळा होता, खुरपे होते. आता यंत्र आले आहे.

तुम्ही ते पाहिले असेल. गडी खांद्याला पट्टा अडकवतो. पट्ट्याला लांब दांडी असते. दांडीच्या वरच्या टोकाला इंजिन, खालच्या टोकाला भोवरा. कोणी त्याला ग्रास कटर म्हणतात, कोणी ब्रश कटर. भोवऱ्याला लोखंडी पाते बसते, नाहीतर नायलॉनची दोरी. इथे आपण दोरीच्या यंत्राची माहिती घेऊ.

तुम्ही म्हणाल, दोरीने गवत कसे कापेल? ती तर काडेपेटीतल्या काडीएवढी जाड. पण ती वेगाने कापते. भोवरा मिनिटाला सहा हजार फेरे घेतो. काही यंत्रे त्याहून जास्त घेतात. एका फेऱ्यात दोरीचे टोक चार फूट धावते. आता हिशेब करा. ६,००० गुणिले ४, म्हणजे २४,००० फूट. एका मिनिटात सात किलोमीटरच्या वर! तासाला चारशे किलोमीटरच्या पुढे. आपली एस.टी. साठाने धावली तरी आपण दांडी घट्ट धरतो.

या वेगाने गवत कापते. पण मध्ये खडा आला, तर तोही त्याच जोराने उडतो. खडा कोणाकडे जाईल, हे सांगता येत नाही. म्हणून यंत्र चालू असताना पन्नास फुटांच्या आत कोणी नसावे. आपल्याकडे होते काय, की एका ओळीत यंत्र चालते आणि शेजारच्या ओळीत बाया खुरपायला बसलेल्या असतात. पोरे गंमत बघायला गोळा होतात. हे बरे नाही. आधी बायांना दुसऱ्या तुकड्यात पाठवा, पोरांना घरी पिटाळा. कोणी जवळ आले तर यंत्र बंद करा, मग बोला.

चालवणाऱ्याने डोळ्यांवर कडेने बंद असलेला, जाड काचेचा चष्मा घालावा. वाचायचा चष्मा चालत नाही. पायांत बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, कानांवर आवाज अडवणारे झाकण. भोवऱ्यावरचे संरक्षक झाकण काढून ठेवू नये. ते काढले की काम भराभर होते असे काही जण म्हणतात. पण खडा पहिला त्यांच्याच नडगीवर बसतो. काम सुरू करण्याआधी काठीने गवत झोडपून पाहा. दगड, काच, तारेचे तुकडे वेचून काढा. गवतात घोणस असली तर तीही कळेल.

एवढे करूनही डोळ्याला काही लागलेच, तर डोळा चोळू नका. रुतलेली वस्तू स्वतः उपटू नका. दाब न देता डोळ्यावर स्वच्छ वाटी पालथी झाका आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उद्यावर टाकू नका.

आणखी एक गोष्ट. दोरी सारखी झिजते. मग कोणीतरी सुचवतो, "दोरी कशाला सारखी विकत आणायची? तारच लाव की!" बाबांनो, हे कधी करू नका. तारेचा तुकडा मोडला, की बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. दोरी पैशाने मिळते.

आता झाडांचे बघू. हे यंत्र निघाले त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत टेक्सास प्रांतात जॉर्ज बॅलस नावाचे गृहस्थ होते. १९७१ साली मोटार धुण्याच्या ठिकाणी त्यांनी फिरते ब्रश पाहिले. ते ब्रश मोटारीचा रंग न खरवडता घाण काढत होते. झाडाची साल न दुखवता बुंध्याजवळचे गवत असेच काढता येईल, असे त्यांना वाटले. त्यांनी एका रिकाम्या डब्याला मासे धरायची दोरी बांधली आणि तो डबा यंत्रावर फिरवून पाहिला.

साल वाचवायला निघालेले हे यंत्र, पण हयगय केली तर तेच साल सोलते. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे जाते. साल चारी बाजूंनी गेली, की मुळे उपाशी राहतात आणि झाड वाळते. थोडी जखम झाली तरी तिच्यातून रोग आत शिरतो. डाळिंबाला तर बुडापासूनच दोन-तीन खोडे असतात. म्हणून खोडापासून हातभर जागा यंत्राला वर्ज्य. तिथे खुरपेच चांगले. ठिबकच्या नळ्याही आधी उचलून खोडाकडे सरकवा. गवतात दडलेली काळी नळी दिसत नाही, आणि दोरी तिला सोडत नाही.

दोरीचे टोक कापते, पोट नव्हे. म्हणून भोवरा गवतात खुपसू नका. टोक नुसते लागू द्या, आणि यंत्र सावकाश या बाजूचे त्या बाजूला न्या. उंच गवत दोन वेळा कापा, आधी वरचे, मग खालचे. जमिनीला टेकवले तर माती उडते आणि दोरी झिजते.

हराळी आणि लव्हाळा मात्र यंत्राने मरत नाही. मुळे खाली राहतात, आठवड्यात पुन्हा हिरवे. गाजर गवताचे वेगळे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसले, आणि आता कुठे नाही असे नाही. यंत्राने कापले तर त्याचा चुरा अंगावर उडतो. काहींना खाज सुटते, दम लागतो. फुले यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा.

पेट्रोलमध्ये तेल किती घालायचे, ते यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते, तर ते स्वतः वाचा. काही यंत्रांत लिटरला २० मिली लागते, काहींत ४०, आणि काहींत पेट्रोलमध्ये तेल घालायचेच नसते. इंजिन गार झाल्यावरच पेट्रोल ओता, आणि तेव्हा बिडी दूर ठेवा. अर्ध्या तासाने थांबा, हाताला मुंग्या येत असतील तर त्याआधीच. उन्हाळ्यात दोरी कोरडी पडून तटातट तुटते. आदल्या रात्री ती बादलीभर पाण्यात भिजत टाकावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी चिवट होते.